रेठऱ्याचा कुलकर्णी आणि ढोलकीचा फड

सांगलीत दरवर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं आणि पुढे हा दिवस मराठी रंगभूमी दिन ठरला. नाट्यपंढरी म्हणून सांगलीचा मान तेव्हापासूनचा, आणि तो योग्यच आहे.

याच मुलखात, तासगाव तालुक्यातल्या सावळज गावात, त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी आणखी एक रंगभूमी उभी राहिली. १८६५ च्या सुमारास उमा-बाबू या मांग शाहिरांच्या फडाने ‘मोहना बटाव’ नावाचा वग उभा केला. तमाशाचे अभ्यासक त्याला पहिला वग मानतात. तोवर तमाशात गण, गवळण, लावण्या आणि सवाल-जवाब होते. वगाने त्यात गोष्ट आणली, पात्रं आणली, रात्रभर चालणारं नाट्य आणलं. त्या रंगभूमीला संस्थानिकाचा आश्रय नव्हता. देवळापुढचं पटांगण, तेलाच्या मशाली आणि समोर बसलेला गाव एवढ्यावर ती जगली. तिच्या नावाचा दिवस पाळला जात नाही.

एका रंगभूमीला पदक आणि दुसरीला ‘हलकी कला’ हा शिक्का, असं का झालं? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर पठ्ठे बापूरावांचं आयुष्य पाहावं लागतं. हा माणूस जन्माने पहिल्या बाजूचा होता. तो स्वतःच्या पायांनी दुसऱ्या बाजूला चालत गेला आणि परतला नाही.

वतन आणि ढोलकी

पठ्ठे बापूराव म्हणजेच श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा. गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली त्याचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे बापूरावांवर साताऱ्याचा हक्क आणि सांगलीचा हक्क, दोन्ही खरे आहेत.

कृष्णाकाठचं हे गाव मच्छिंद्रगडाच्या परिसरातलं. आज चहूबाजूंनी ऊस दिसतो. बापूरावांच्या लहानपणी इथली शेती ज्वारी-बाजरीची आणि पावसाच्या भरवशाची होती. कुलकर्णी घर म्हणजे गावच्या दप्तराचं घर. जमिनीच्या नोंदी, वसुलीचे हिशेब आणि लेखणी, सगळं त्या ओसरीवर. गावकुसाबाहेर महारवाडा आणि मांगवाडा. ढोलकी, हलगी आणि तुणतुणं तिथे वाजायचं. ओसरीपासून महारवाड्यापर्यंतचं अंतर हाकेचं असे, पण ओसरीवरच्या माणसाने ते ओलांडायचं नसे.

बापूरावांवरचे संस्कार दोन्हीकडचे. घरात पहाटे जात्यावरच्या ओव्या आणि भूपाळ्या कानावर पडत. देवळात कीर्तन असे. रात्री महारवाड्यातल्या तमाशाची ढोलकी ऐकू येई. शब्दांचं वजन त्यांनी घरातून आणि देवळातून घेतलं, ठेका बाहेरून घेतला. पुढचं शिक्षण औंध संस्थानच्या आश्रयाने झालं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. हे औंधही सातारा जिल्ह्यातलंच. बापूरावांहून दोन वर्षांनी लहान असलेले भवानराव पंतप्रतिनिधी पुढे औंधचे राजे झाले. ते चित्रकार होते, स्वतः कीर्तनाला उभे राहत, आणि १९३८ साली त्यांनी श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारलं. राजाने हाती ब्रश धरला किंवा तो कीर्तनाला उभा राहिला, तर त्याची प्रतिष्ठा वाढत होती. रेठऱ्याच्या कुलकर्ण्याने डफ हाती घेतला तेव्हा गाव हादरलं.

आधी ते फडासाठी नुसत्या लावण्या लिहून देत. लिहून देणं एक वेळ खपलं असतं, कारण गावातला लिहिता माणूस कुणालाही काही लिहून देतोच. पण बापूराव फडाबरोबर उभे राहू लागले. त्या माणसांबरोबर उठणं-बसणं, जेवणं-खाणं आलं. कुलकर्णीपण मागे पडलं, घर तुटलं, जात दुरावली. आपण ब्राह्मण असून सोवळं बाजूला ठेवून तमाशात उतरलो, हे त्यांनी लपवलं नाही. स्वतःच्या रचनेत, भर बोर्डावर, मोकळ्या आवाजात सांगितलं.

त्यांच्या आधी शंभर वर्षं सोलापूरच्या राम जोशींनी हीच वाट धरली होती. तेही ब्राह्मण, तेही लावणीकार. पण मोरोपंतांच्या प्रभावाने राम जोशी पुढे कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. समाजाने त्यांना परत घेण्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. बापूरावांनी तसं दार शोधलंच नाही. त्यांच्या धैर्याची उंची मला इथे दिसते.

पहिल्या ऐकण्यात कळलं पाहिजे

बापूरावांची लावणी ढोलकीवरची. बैठकीची लावणी चार भिंतींत, जाणत्या मोजक्या रसिकांपुढे होते. तिथे एका ओळीवर घटकाभर अदा करता येते. ढोलकीच्या फडाचा मामला वेगळा. समोर उघड्यावर बसलेली हजारभर माणसं, त्यांतली बहुतेक निरक्षर, दिवसभर रानात राबून आलेली. आवाज वाढवायला यंत्र नाही. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या ऐकण्यातच कळला पाहिजे.

या अडचणीतून त्यांची शैली घडली. ओळीच्या आत यमकं येतात, म्हणजे कान पुढचा शब्द ओळखायला लागतो. ढोलकीच्या थापेवर पडतील अशी ठसठशीत व्यंजनं येतात. धृपद सुरत्ये आणि झीलकरी उचलून धरतात, तेवढ्यात मुख्य गाणारा दम घेतो आणि मागे बसलेल्याला हुकलेला शब्द पुन्हा मिळतो. शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं. ते नाव म्हणजे मालकीहक्काची खूणच, कारण छापखान्याबाहेरच्या त्या जगात दुसऱ्या फडाने लावणी उचलली तरी नाव बरोबर जायचं.

त्यांनी गण लिहिले, गवळणी लिहिल्या, शृंगाराच्या लावण्या लिहिल्या, अध्यात्माचं कोडं घालणाऱ्या भेदिक रचना केल्या. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या सवाल-जवाबाची ही जुनी परंपरा. शक्ती मोठी की शिव, यावर रात्रभर झगडा चाले. तत्त्वज्ञान हे पोथीवाल्यांचंच क्षेत्र आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी भेदिक लावण्या वाचाव्यात. अक्षरओळख नसलेला श्रोता तिथे पिंड-ब्रह्मांडाच्या कोड्यावर डोकं खाजवत बसत असे आणि उत्तर चुकलं तर शाहिराला सोडत नसे.

बापूरावांच्या नावावर दोन लाख लावण्या सांगतात. हा आकडा आदराचा आहे, मोजणीचा नाही. छापील रूपात आपल्या हाती लागतात त्या त्यातला लहानसा वाटा. बाकीच्या ढोलकीवाल्यांच्या, सुरत्यांच्या आणि नाचणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी होत्या. ती माणसं गेली तशा त्याही गेल्या.

पेशवाईत होनाजी, राम जोशी अशा शाहिरांना दरबाराचं बक्षीस मिळे. १८१८ नंतर तो आधार संपला. बापूरावांच्या पिढीपुढे दोनच मार्ग होते, जत्रेची सुपारी किंवा शहरातलं तिकीट. त्यांनी स्वतःचा फड उभा केला. कोल्हापूरच्या राजवाड्यात शाहू महाराजांसमोर १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी ‘मिठाराणी’चा वग केला, ही नोंद महत्त्वाची आहे, पण त्यांचं पोट राजवाड्यावर चाललं नाही. ते चाललं मुंबईवर. गिरण्यांत सातारा जिल्ह्याच्या आणि कोकणाच्या गावांतली माणसं भरली होती. पिला हाउसच्या आसपासच्या थेटरांत ती पगाराच्या दिवशी गर्दी करत. बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली ती याच माणसांसाठी. गावाहून आलेल्याच्या नजरेला दिसणारी ती झगमगती, अचाट नगरी त्यांनी डोळे भरून रंगवली.

पवळा

या गोष्टीतलं दुसरं नाव पवळाबाईचं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची ही महार समाजातली मुलगी. तोवर ढोलकीच्या फडात बाईचं सोंग पुरुष घेत. नाच्या पोऱ्या हा फडाचा महत्त्वाचा माणूस असे. फडाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईचं नाव घेतलं जातं. बापूरावांची लेखणी आणि पवळाचा गळा व अदा यांनी मिळून जो फड उभा राहिला, त्याने महाराष्ट्र वेडा केला.

दोघांबद्दल दंतकथा पुष्कळ आहेत. त्या बहुतेक बापूरावांच्या बाजूने सांगितल्या जातात. ब्राह्मणाने प्रेमापोटी जात टाकली, हा त्यांचा गाभा. त्यात पवळा ही केवळ एक कारण होऊन उरते. ती काय शिकली, कुणाकडे शिकली, लावणीत कुठली हरकत तिची होती, कुठला शब्द तिने गाताना बदलला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. लावणी कागदावर पूर्ण होत नाही. ती उभी राहते तेव्हा अर्धी रचना करणाऱ्याची असते आणि अर्धी सादर करणारीची. शेवटच्या कडव्यात नाव मात्र एकाचंच आलं.

बापूरावांनी जात सोडली, याचं कौतुक सगळे करतात. पवळाला जात सोडण्याची मुभा नव्हती. तिची जात तिच्याबरोबर बोर्डावर चढत होती, आणि प्रेक्षक तिच्याकडे त्याच नजरेने पाहत होता.

ही गोष्ट एका माणसाने त्याच काळात ओळखली होती. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देण्याची तयारी बापूरावांनी दाखवली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पैसे नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून उभा केलेला पैसा माणुसकीच्या लढ्याला चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बापूरावांवर प्रेम करणाऱ्यांना हा प्रसंग बोचतो. मलाही बोचतो, आणि तो टाळून बापूरावांबद्दल लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशा, जात आणि स्त्रिया यांवरच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पवळाबाईला मध्यभागी आणलं. ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ या तीन कल्पनांत या स्त्रियांचं जगणं कसं ओढलं गेलं, हे त्यांनी दाखवलं. बापूरावांचा सन्मान करताना बाबासाहेबांचा नकारही बरोबर ठेवावा लागतो. हलकी ठरवलेल्या कलेचा कैवार घ्यायचा तर तिच्यात कोण कोणाच्या खांद्यावर उभं होतं हेही सांगावं लागतं.

जगात अन्यत्रही उपेक्षित कलांनी असा झगडा केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट विल्यम्स या चित्रकाराने १९७९ साली आपल्या चित्रांच्या पुस्तकाच्या नावातच ‘लोब्राऊ’, म्हणजे हलक्या अभिरुचीचं, हा शब्द घातला. मोटारगाड्या, कॉमिक्स आणि भडक रंगांतून आलेली त्यांची चित्रं संग्रहालयांना परकी होती, तेव्हा त्यांनी हिणवणारं विशेषण आपणहून कपाळावर लावलं. पुढे ती एक मोठी चळवळ झाली. त्या चित्रकाराला हे विशेषण निवडता आलं. बापूरावांनीही एका अर्थी ते निवडलं. पवळाला आणि उमा-बाबूंना ते जन्माबरोबर मिळालं होतं. कलेच्या प्रतवारीत आपल्याकडे हा मोठा फरक आहे.

त्याच तालुक्यातून आलेलं उत्तर

बापूराव उतारवयाकडे झुकले होते तेव्हा त्याच वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात, १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे जन्मला. पुढे जग त्याला अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखू लागलं. शाळा जेमतेम पाहिलेली. घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. मिळेल ते काम केलं. चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात कला हाताळली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं.

अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा तसाच उचलला आणि आतला ऐवज बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि लढणाऱ्या माणसांना वंदन आलं. राधा-कृष्णाची गवळण गेली. वगात सावकार, जमीनदार, मालक आले. सोंगाड्याचं चाबकासारखं बोलणं जसंच्या तसं राहिलं, कारण तेच तर हत्यार होतं. बापूरावांच्या मुंबईच्या लावणीला त्यांनी आपल्या मुंबईच्या लावणीने उत्तर दिलं. तिथे मलबार हिलची श्रीमंती आहे आणि तिच्यासमोर परळची दैना आहे. एका तालुक्याच्या दोन शाहिरांनी एकाच शहराकडे पाहिलं. पहिला ओसरीवरून आला होता, दुसरा मांगवाड्यातून. पाहण्यातला फरक तिथून आला.

अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ कादंबरी १९५९ साली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळाला. तमाशाचा फड आणि आंबेडकरी स्वाभिमान या दोन गोष्टी एकाच माणसात नांदल्या. बाबासाहेबांनी ज्या कारणाने बापूरावांचे पैसे नाकारले, ते कारण काढून टाकूनही तमाशा जगू शकतो, हे वाटेगावच्या या माणसाने करून दाखवलं. तरी समीक्षेने त्यांना बराच काळ गल्ल्याचा लेखक म्हणूनच बाजूला ठेवलं. ४८ वर्षांचं आयुष्य मिळालेला हा माणूस १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत गेला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तमाशावर बंदी आणली. बंदी उठली तेव्हा सुधारणेच्या अटी आणि संहितेची तपासणी आली. ‘लोकनाट्य’ या स्वच्छ नावाने शहरातली सुशिक्षित मंडळी या कलेकडे वळली, सिनेमात आणि नाटकात तिची भरभराट झाली. जत्रेतल्या फडाच्या अडचणी तशाच राहिल्या. सांगलीजवळच्या कवलापूरच्या खाडे कुटुंबाने त्या अडचणींत पिढ्यान्‌पिढ्या फड चालवला. त्या घरातले जुळे भाऊ काळू-बाळू ‘जहरी प्याला’ वगात हवालदार होऊन येत तेव्हा पटांगण हसून लोळत असे. दिसायला सारखी दोन माणसं, अचूक वेळ आणि गावच्या बोलीवरची हुकूमत, एवढ्या भांडवलावर त्यांनी उभ्या महाराष्ट्राला रात्र-रात्र जागवलं. पाल, पुसेगाव, खरसुंडी अशा जत्रांना जाणाऱ्या दोन-तीन पिढ्यांचं नाट्यशिक्षण असल्या फडांपुढेच झालं.

वाईची यमुनाबाई

कृष्णेच्या वरच्या अंगाला वाई आहे. प्राज्ञपाठशाळा इथली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथून चालवलं. याच गावाचं नाव यमुनाबाईंनी आडनावासारखं लावलं. जन्म १९१५ चा, कोल्हाटी समाजातला. दहा वर्षांच्या आसपास असताना आईबरोबर रस्त्यावर गाऊन-नाचून पैसे मागितले. पुढे बहिणींना घेऊन स्वतःची पार्टी काढली, घर चालवलं आणि बैठकीच्या लावणीत असं प्रभुत्व मिळवलं की १९७५ साली दिल्लीत बिरजू महाराजांच्या कथकसमोर त्या लावणीची अदा घेऊन बसल्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्या गेल्या तेव्हा वयाची शंभरी मागे पडली होती.

पवळाबाईच्या आणि यमुनाबाईंच्या आयुष्यात मला एक सरळ फरक दिसतो. अशोक रानडे यांच्यासारख्या संगीतज्ञांनी यमुनाबाईंच्या गायकीला विद्या म्हणून ऐकलं. कुठल्या शब्दावर किती अदा, कुठे सूर दाबायचा, एकाच ओळीचे किती अर्थ चेहऱ्यावर उतरवायचे, हे त्यांना विचारलं गेलं. विचारणारं कुणी भेटलं तेव्हा रस्त्यावर शिकलेली कला शास्त्राच्या शेजारी बसली. कला तीच होती. ऐकणाऱ्यांनी आपली जागा बदलली.

बापूरावांना हा मान जिवंतपणी मिळाला नाही. पवळा दुरावली, फड मोडला, पैसा राहिला नाही. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात हलाखीत त्यांचा शेवट झाला. आज त्यांचं नाव विश्वकोशात आहे, पाठ्यपुस्तकात आहे, शाहिरी परंपरेत ते मोठे मानले जातात. सोवळं टाकून गेलेल्या माणसाला मराठी समाजाने मरणानंतर परत आत घेतलं. त्याच्याबरोबर फडात उभ्या असलेल्या माणसांना मात्र आत यायला बोलावणं नाही.

म्हणून मला वाटतं, बापूरावांचं खरं स्मारक त्यांच्या एकट्याचं असू नये. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फडात वाढलेली वयस्क माणसं अजून आहेत. कुणी ढोलकी वाजवली, कुणी झील धरली, कुणी नाच्याचं सोंग घेतलं, कुणी बोर्डावर उभं राहून शिव्या आणि शिट्ट्या दोन्ही झेलल्या. त्यांच्या तोंडी असलेल्या लावण्या, वगांचे तुकडे आणि हुकमी तोडे ध्वनिमुद्रित करून ठेवले पाहिजेत. विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावं, ग्रामपंचायतींनी जागा द्यावी, आणि छापताना लावणीखाली रचणाऱ्याबरोबर गाणारीचं आणि वाजवणाऱ्याचं नाव यावं. नाट्यसंस्थांनी सावळजच्या वगालाही मराठी रंगभूमीच्या इतिहासात बरोबरीचं पान द्यावं. बापूराव ज्या लोकांसाठी घर सोडून गेले, त्या लोकांची नावं लिहून घेणं ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे, आणि ती माणसं आपल्यात आहेत तोवरच ती पार पाडता येईल.